शेवटच्या ओळीतून काय दिसतं?

मैदान चांगलं की वाईट, हे मी तिथल्या सगळ्यात स्वस्त जागेवर बसून ठरवतो. पाहुण्यांच्या सोफ्यावरून सगळीच मैदानं झकास दिसतात. तुम्ही सगळ्यात मागं, कोपऱ्यात, कॉलेजची पोरं मांडीला मांडी लावून बसतात तिथं जाऊन बसा. चेंडू गोललाइनच्या आत गेला की बाहेरच राहिला, हे तिथून दिसतं का? शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं ते पब्लिकच्या दंग्यामुळं की स्पीकरमुळं? एवढं बघितलं की बाकीचं मला कुणी सांगावं लागत नाही.

माझा धंदा मांडवाचा. वडिलांनी बेळगावच्या शहापुरात सुरू केला, आता मी बघतो. लग्नं, गणपती, यात्रेच्या कमानी यावर घर चालतं, पण माझा जीव रमतो तो गॅलरी बांधण्यात. आमच्या बेळगाव भागात कुस्तीच्या मैदानांना, कबड्डीच्या स्पर्धांना, फुटबॉलच्या फायनलला तात्पुरत्या गॅलऱ्या लागतात. येळ्ळूर, कंग्राळी, कडोली, इकडं खानापूर, तिकडं निपाणीपर्यंत आमचा टेंपो पाईप आणि फळ्या घेऊन जातो. गॅलरी उभी राहिली की पहिल्यांदा मी वरच्या टोकाच्या फळीवर जाऊन बसतो. कामावरच्या पोरांना हे माहीत आहे. मालक वर चढले म्हणजे अजून काहीतरी हलवायला सांगणार, हे ते धरूनच चालतात.

फुटबॉल आमच्या गावात बाहेरून आणून लावलेला खेळ नाही. कॅम्पात पलटण, मिशनच्या शाळा, चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि वर कोल्हापूर, जिथं पेठेपेठेतल्या तालमींची फुटबॉल टीम असते. मी स्वतः टिळकवाडीतल्या कॉलेजात असताना गोलीत उभा राहायचो. आजही लेले मैदानावर सामना असला की दुपारची कामं मी पोरांवर सोडतो. 'मार की लेका' आणि 'होडी, होडी' एकाच फळीवरून ऐकायला मिळतं. एक मराठी, एक कन्नड, अर्थ दोन्हीचा तोच, आणि ओरडणारे दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

आमची मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली आणि पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात गेली. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडं गेलो तेव्हा तिनं आधीच तीन तिकिटं काढून ठेवली होती. "पप्पा, तुम्हाला देवळं दाखवायला इथं काय नाही, पण हे तुम्ही बघितलंच पाहिजे," म्हणाली. आईला बजावलं, पर्स घरीच ठेवायची, आत नेऊ देत नाहीत. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून खेळायचा. नियम मला निम्मेसुद्धा कळले नाहीत. पण मी खेळापेक्षा स्टेडियमच जास्त बघत होतो, आणि ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

मिशिगन स्टेडियम १९२७ साली बांधलं. आज त्यात १,०७,६०१ माणसं बसतात. एवढी माणसं म्हटल्यावर मला वाटलं होतं, डोंगराएवढं काहीतरी वर चढत जावं लागणार. बाजूला विटांच्या उंच इमारती आहेतही, पण त्या अलीकडच्या, २०१० मध्ये पुऱ्या झालेल्या. मूळ स्टेडियम जमिनीत खणलेलं आहे. आम्ही रस्त्याच्या पातळीवरून आत शिरलो आणि समोर जमीनच खाली गेली. ओळीवर ओळी, नव्वदाच्या वर, आणि बहुतेक सगळ्या आमच्या पायांखाली. पार तळाला हिरवंगार मैदान. बायको माझा हात धरून उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, तिला पायऱ्यांचीच धास्ती होती. आमची जागा दारापासून थोडीशीच वर होती. ती म्हणाली, "एवढंच चढायचं?"

मला तिथं उभ्या उभ्या खासबाग आठवलं. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ साली ते सुरू झालं. युरोपच्या दौऱ्यात रोममधला जुना आखाडा महाराजांनी बघितला होता, त्यावरून ही कल्पना आली असं सांगतात. मधे कुस्तीचा हौदा, आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेला उतार. कुठंही बसा, पैलवानाच्या पायाची पकड दिसते. मी लहानपणी वडिलांच्या शेजारी सगळ्यात वर बसून कुस्त्या बघितल्यात, आणि एकदाही कुणाच्या फेट्याआडून मान वाकडी करावी लागली नाही. मिशिगनचं मैदान त्यानंतर पंधरा वर्षांनी झालं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसणार, पण दोन्ही बांधणाऱ्यांनी प्रश्न एकच सोडवला: शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे.

खणण्याचा फायदा आम्हा मांडववाल्यांना लगेच समजतो. आमच्या गॅलरीचा सगळा भार पाईपवर आणि पाईपखालच्या लाकडी ठोकळ्यावर. पावसानं लाल माती भिजली की ठोकळा बसतो, आणि एक पाय बसला की अख्खी ओळ तिरकी. जमिनीलाच पायऱ्या पाडल्या तर ही भानगड उरत नाही. शिवाय माणसं मधल्या उंचीवर आत येतात. काही खाली उतरतात, काही वर चढतात, सुटताना दोन प्रवाह होतात. एवढा लाख माणूस सामना संपल्यावर इतक्या सहज रस्त्यावर आला की मी घड्याळ बघत राहिलो. आमच्याकडं पाच हजार माणसं एका फाटकातून बाहेर पडताना चेंगराचेंगरीची भीती वाटते.

आता नजरेचं सांगतो, कारण गॅलरीचा सगळा खेळ पुढच्याच्या डोक्यावर आहे. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्याच्या चार बोटं वरून निघून चेंडूवर पडली पाहिजे. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या केल्या तर खालच्या ओळींना ते जमतं, मागं मागं बिघडत जातं. म्हणून मी खालच्या दोन ओळी नऊ इंचांवर घेतो, मधल्या फुटावर, वरच्या सव्वा फुटावर. वडिलांनी हे मला फळीवर बसवून शिकवलं. मुलीनं ॲन आर्बरच्या घरी कागदावर त्याचा आलेख काढून दाखवला, वर वाकत जाणारी रेघ, आणि म्हणाली, "पप्पा, आजोबा हेच करत होते." मला फार बरं वाटलं.

पण नुसती पायरी बरोबर असून भागत नाही. आमच्याकडं गॅलरीच्या पुढच्या कठड्याला फ्लेक्स बांधतात. शुभेच्छुक, अमुक, तमुक, हात जोडलेले फोटो. तीन-चार फुटांचा फ्लेक्स लागला की पहिल्या तीन ओळींना अलीकडची टचलाइन दिसत नाही. विंगर चेंडू घेऊन पळतोय, आणि पोरांना त्याचं डोकं तेवढं दिसतंय. मी आता ठरवून सांगतो, फ्लेक्स गुडघ्याच्या वर येणार नाही, नाहीतर तो गोलच्या मागं बांधा.

दुसरी गोष्ट ट्रॅकची. आपल्या देशात बहुतेक जिल्हा स्टेडियम बहुउद्देशीय. मैदानाभोवती ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक, त्याच्याबाहेर जाळी, मग गॅलरी. धावणाऱ्यांना ट्रॅक हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण फुटबॉल बघणाऱ्याला गोल तिथून इतका लांब पडतो की नेट हलल्यावर कळतं. अमेरिकेतसुद्धा अशी जुनी मैदानं होती. ओहायो स्टेट विद्यापीठाचं १९२२ चं घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम आहे, त्यात ट्रॅक होता. २००१ साली संपलेल्या दुरुस्तीत त्यांनी तो काढला, मैदान आणखी खाली नेलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत ओळी वाढवल्या. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हस्की स्टेडियमनंही २०१३ पर्यंतच्या कामात तेच केलं. ट्रॅकसाठी वेगळी जागा शोधली, आणि प्रेक्षक खेळाजवळ आला. आमच्या कॉलेजांच्या मैदानांना एक नशीब आहे, बहुतेकांना ट्रॅक नाहीच. चुन्याच्या रेघेपासून चार पावलांवर गॅलरी उभी करता येते. ही चार पावलं आपण जपली पाहिजेत.

आवाजात मात्र मिशिगन मला कमी पडलं. लाख माणूस ओरडतो आणि आवाज वर निघून जातो, कारण उतार फार पसरट आहे आणि डोक्यावर काही नाही. बाजूच्या उंच इमारती झाल्यापासून आवाज आत जास्त थांबतो असं तिथले जुने लोक सांगतात. सिएटलला गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांवर छप्पर आहे, खांब पुढं न आणता मागून तोललेलं. ओरडलेलं छपराला आपटून मैदानावर परत येतं. तिथं १९९२ साली नेब्रास्काविरुद्धच्या रात्रीच्या सामन्यात १३३.६ डेसिबल आवाज मोजला होता, आणि बसणारी माणसं मिशिगनपेक्षा कितीतरी कमी. पत्र्याच्या शेडखाली कबड्डी बघितलेल्या कुणालाही हे पटेल. पाचशे माणसं पत्र्याखाली जो दंगा करतात, तो उघड्यावर दोन हजारांना जमत नाही.

म्हणून मला डॉल्बीची चीड येते. हल्ली कॉलेजच्या फायनललाही स्पीकरच्या भिंती लावतात. गोल झाला की पोरांनी ओरडायच्या आत गाणं सुरू. कोणाचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही. मिशिगनला विद्यार्थ्यांचा बँड होता, शेकडो पोरंपोरी, सामन्याआधी मैदानभर चालत वाजवत गेली. त्यांच्या ट्रंपेटचा सूर लागला की अख्खी विद्यार्थ्यांची बाजू उभी. ते संगीत त्याच कॉलेजच्या पोरांनी महिनोन्महिने तालीम करून बसवलेलं असतं. तिथंही मधेमधे रेकॉर्डची गाणी लावतात, आणि त्यांच्याबद्दल कुरकुर करणारी माणसं माझ्याच मागच्या बाकावर बसलेली होती. आपल्याकडं हलगी आहे. दोन हलगीवाले आणि एक घुमकं गॅलरीच्या मधोमध बसवा, पोरं आपोआप ठेका धरतात, घोषणाही जमतात, आणि रेफरीची शिट्टीसुद्धा ऐकू येते.

ठेक्यावरून भाराकडं येतो. बसलेली माणसं आणि उड्या मारणारी माणसं, वजन तेच, पण गॅलरीला ते तेच नसतं. सगळ्यांनी एका तालात उडी मारली की पाईप आडवे झुलतात, आणि उभे पाईप कितीही दणकट असले तरी तिरक्या बांधणीशिवाय गॅलरी टिकत नाही. म्हणून मी दर दोन खांबांत तिरका पाईप मारतो, मग गिऱ्हाईक म्हणो की पैसे वाढले. लुइझियानाच्या एलएसयू विद्यापीठाच्या टायगर स्टेडियमची एक गोष्ट मुलीनं सांगितली. ८ ऑक्टोबर १९८८, ऑबर्नविरुद्धचा सामना. शेवटी शेवटी एलएसयूनं टचडाउन करून, म्हणजे चेंडू पार समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन, ७-६ असा सामना काढला, आणि पब्लिक असं उसळलं की विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातल्या भूकंपमापकावर नोंद उमटली. त्याच स्टेडियमच्या गॅलरीच्या पोटात १९३० च्या दशकात विद्यार्थ्यांना राहायच्या खोल्या बांधल्या होत्या, आणि पोरं कित्येक दशकं तिथं राहिली. गॅलरीखालची जागा वाया जाते याचं मला कायम वाईट वाटतं. आम्ही तिथं फार तर फळ्या आणि ताडपत्र्या टाकतो. कुणीतरी तिथं हॉस्टेल केलं हे ऐकून मी त्या दिवशी दोनदा विचारून घेतलं.

कॉलेजच्या स्टेडियमचा सगळ्यात मोठा गुण मात्र बांधकामात नाही, ते कुठं आहे यात आहे. ॲन आर्बरला सकाळपासून गावभर निळे-पिवळे शर्ट चालत होते. विद्यार्थी खोलीवरून चालत येतात. समोरच्या गोल्फ मैदानावर गाड्या लावून लोक शेगड्या पेटवून बसलेले. रस्त्याकडेच्या घरांच्या अंगणात गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. सामना सुरू व्हायच्या आधी चार तास गाव स्टेडियमकडं सरकत असतं.

मिनेसोटा विद्यापीठानं हे एकदा गमावून बघितलं. १९८२ साली त्यांनी कॅम्पसमधलं जुनं स्टेडियम सोडलं आणि मिनियापोलिस शहरातल्या मेट्रोडोममध्ये खेळायला गेले. बंदिस्त, थंडीवाऱ्याचा त्रास नाही. छप्पर टेफ्लॉनचा थर दिलेल्या कापडाचं, पंख्यांनी आत हवा भरून उचलून धरलेलं. कापडाच्या छपरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तो नमुना बघायला आवडला असता. पण मैदान दुसऱ्याचं, कॅम्पसच्या बाहेर. २००९ मध्ये विद्यापीठ आपल्या आवारात नवं उघडं स्टेडियम बांधून परत आलं, ५०,००० च्या आसपास जागांचं, थंडीसकट. आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात मेट्रोडोमचं ते छप्पर बर्फाच्या भारानं फाटून खाली आलं. लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ १९८२ साली पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये खेळायला जाऊ लागलं. मागं डोंगर, देखणी जागा, पण कॅम्पसपासून पंचवीस मैलांच्या आसपास. त्या शहराच्या ट्रॅफिकमधून शनिवारी तिथं जायचं म्हणजे विद्यार्थ्याचा दिवस गेला.

आमच्याकडं एका संस्थेनं आपल्या कॉलेजची फायनल गावाबाहेर हायवेलगतच्या नव्या मैदानावर ठेवली. मैदान उत्तम होतं, गवत एकसारखं, गॅलरी पक्की. पण सिटी बस शेवटची साडेपाचची. हाफटाइमला मुली उठून गेल्या, मागोमाग हॉस्टेलची पोरं. दुसऱ्या हाफला दोन गोल झाले ते पाहुण्यांनी, पालकांनी आणि आम्ही मांडववाल्यांनी बघितले. टिळकवाडीतल्या एखाद्या कॉलेजच्या ओबडधोबड मैदानावर तोच सामना असता तर शेजारच्या तीन कॉलेजांची पोरं भिंतीवर बसली असती.

पाण्याचं आणि बाथरूमचं थोडक्यात सांगतो, पण ते बारकं समजू नका. ऑर्लँडोच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठानं २००७ साली आपलं नवं स्टेडियम उघडलं. १५ सप्टेंबरला टेक्सासविरुद्ध पहिला सामना. फ्लोरिडाचं ऊन, पंचेचाळीस हजारांची गर्दी, आणि आत पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नाही. तीन डॉलरची बाटली विकत घ्या. त्याही संपल्या. अनेकांना उन्हाचा त्रास झाला, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. नंतर विद्यापीठाला नळ बसवावे लागले. एवढ्या पैशाचं स्टेडियम, आणि नकाशात पाणपोई काढायची राहिली! आमच्याकडं कुठल्याही कुस्तीच्या मैदानावर गावातलं एखादं मंडळ ड्रम भरून पाणी ठेवतं, त्याला निविदा लागत नाही. बायकांच्या बाथरूमची मात्र आपल्याकडं तीच गत. मुली सामन्याला येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तीन तास त्यांनी जायचं कुठं? आम्ही आता गॅलरीच्या बोलीतच पत्र्याची दोन न्हाणीघरं आणि पाण्याचा पिंप धरतो. ज्या कॉलेजांनी ती लावली तिथं मुलींची ओळ भरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खाण्यापिण्याबाबत आम्ही त्यांच्यापुढं आहोत. गिरमिट, मिरची भजी, शेंगा फळीवर आणून हातात देणारा माणूस तिथं मला दिसला नाही.

तिथली एक गोष्ट मला आवडली नाही, ती म्हणजे टीव्ही. सामन्यात खेळाचा वेळ तासाचा, पण बसावं लागतं साडेतीन तास. मधेच सगळे खेळाडू नुसते उभे. मी विचारलं, कुणाला लागलं का? मुलगी म्हणाली, टीव्हीवर जाहिराती चालू आहेत. त्या संपेपर्यंत खेळ थांबतो. लाख माणूस थंडीत उभा, आणि घरी सोफ्यावर बसलेल्याला साबणाची जाहिरात दाखवायची म्हणून तो थांबलेला. सामना किती वाजता सुरू होणार हेसुद्धा टीव्हीवाले ठरवतात, कित्येकदा बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस आधी. लांबून येणाऱ्यानं रजा कशी काढायची, हॉटेल कसं धरायचं? तिकीट काढून आलेल्या माणसाला इतकं दुय्यम कुणी करू नये. आपल्याकडं टीव्ही नाही, पण आपल्याकडं सत्कार आहे.

हाफटाइम पंधरा मिनिटांचा. मी बांधलेल्या एका मैदानावर तो पाऊण तास चालला. शाल, श्रीफळ, मनोगत, परत शाल. खेळाडूंचे पाय गार पडले, दुसऱ्या हाफच्या पहिल्या धावेतच एका पोराची मांडी धरली. स्टेजसुद्धा मधल्या रेषेसमोर, पश्चिमेला, तीस फूट रुंद, आणि मागं बारा फुटांचा कापडी पडदा. म्हणजे पश्चिमेच्या बाजूला सगळ्यात चांगली जागा पाच पाहुण्यांना, सावलीसकट. पोरं समोर पूर्वेला, चार वाजल्यापासून सूर्य डोळ्यांत, कपाळावर हात धरून बसलेली. पडद्यामागं उभी राहिलेली शंभरेक पोरं तर सामना कानांनीच बघत होती. काम माझं होतं, पण जागा ठरवायचा अधिकार माझा नव्हता. तिथं मी वाद घातला, आणि तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी घालतो.

आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमशेजारी त्याच विद्यापीठाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, २०१७ साली सुरू झालेलं. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या काचांतून मैदान दिसतं. आजारी मुलं आईबापांबरोबर तिथं उभी राहून सामना बघतात. पहिला क्वार्टर, म्हणजे पाव सामना, संपला की स्टेडियममधली सगळी माणसं, दोन्ही टीमचे खेळाडू, रेफरीसुद्धा, मैदानाकडं पाठ करून त्या काचांकडं बघत हात हलवतात. मुलीनं मला त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही. त्या मुलांइतका लांबचा प्रेक्षक कुठला असणार? त्यांच्यासाठी कुणी वेगळी गॅलरी बांधली नाही, खिडकी बरोबर बाजूला होती आणि माणसांनी मान वळवली, एवढंच.

बेळगावात आलो त्या आठवड्यातच मी मुलीकडून एक नकाशा काढून घेतला, आपल्याकडच्या साध्या कॉलेज मैदानाचा. पोरांची गॅलरी पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतर सूर्य पाठीशी. हलगीची जागा मधे. मुलींची ओळ आणि न्हाणीघर फाटकाच्या बाजूला, पार मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाही. दोन फाटकं, दोन्ही उघडी. पाण्याचे पिंप दोन्ही टोकांना. स्टेज दक्षिणेच्या गोलमागं, तीन फुटांपेक्षा उंच नाही, पडदा नाही. पाहुण्यांना तिथूनही सामना दिसतो, आणि गोल तर सगळ्यात जवळून दिसतो, हे मी स्वतः खुर्ची टाकून बघितलंय. खर्च नेहमीपेक्षा वाढत नाही, उलट पडद्याचं कापड वाचतं.

हा नकाशा घेऊन मी दोन कॉलेजांच्या क्रीडा विभागांत जाऊन आलो. एका सरांनी तो टेबलावर पसरून अर्धा तास बघितला, पेन्सिलीनं अँब्युलन्सची जागा आखली, जी माझ्या लक्षात आली नव्हती, आणि या मोसमात असंच बांधा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी स्टेज गोलमागं न्यायला प्राचार्यांची परवानगी लागणार आहे. त्यांना मी सांगून आलोय, सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी या, गॅलरी उभी असेल, माझ्याबरोबर वरच्या फळीवर बसा आणि मग ठरवा.